उजवीकडची पाकळी

येलहंका,
रविवार, १८ जानेवारी २०२६

भागीरथी,

तू गेलीस त्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, भैरोबाला पाणी घातलं, शेडमधून आणलेल्या गुलाबाच्या दोन पाकळ्या ओल्या करून त्याच्या दोन्ही खांद्यांना लावल्या आणि पाटावर बसून राहिलो. तू दारात उभी होतीस. बाहेर शेजाऱ्यांचा कुकर वाजत होता. तिसरी शिट्टी झाली आणि उजवीकडची पाकळी पडली. उजवी पडली की देवाचं होय, डावी पडली की नको. तू म्हणालीस, "झालं तर." आणि आत जाऊन शिलाई मशीनचं डोकं चादरीत बांधायला लागलीस.

अश्लेषा विचारते तेव्हा मी एवढंच सांगतो. आईला गावात शिवणाचा वर्ग काढायचा होता, आजी गेल्यावर तिकडचं घर रिकामं होतं, कौल लावला, उजवा आला, आई गेली. अकरा महिने झाले. ती ऐकून घेते आणि म्हणते, "आप्पा, हे सगळं बरोबर आहे. पण यात तुम्ही कुठं आहात?"

तुझं नाव मी आज पहिल्यांदा लिहिलं. चोवीस वर्षं 'अगं'वर भागलं. फोनवर मी 'जेवलीस का' याच्या पुढं जात नाही आणि तू 'जेवले' याच्या पुढं येत नाहीस, म्हणून कागद घेतला.

लिहायचं कारण वेगळंच आहे. आमच्या शेडमध्ये इंग्रजीचा वर्ग सुरू झालाय. हसू नकोस. फुलं परदेशात जातात, तिकडची माणसं शेड बघायला येतात, आणि आम्ही दांडे मापून जुड्या बांधणारे त्यांच्यापुढं मुके उभे राहतो. म्हणून ऑफिसातली वाणी मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास शिकवते. वयानं आपल्या अश्लेषाएवढी. कानडीत समजावते, अडलं की हिंदीत. मला 'देवाप्पाअण्णा' म्हणते.

परवा तिनं फळ्यावर लिहिलं, 'आय ॲम कीन ऑन'. म्हणाली, "लाइक म्हणजे आवडतं. चहा आवडतो, आंबा आवडतो. हे स्वल्प पुढचं आहे. जिथं मन ओढ घेतं, मिळालं नाही तर चैन पडत नाही, तिथं हे वापरायचं. प्रत्येकानं दहा वाक्यं लिहून आणा. आणि खरी लिहा. खोटं वाक्य लक्षात राहत नाही."

भालकीचा सुनीलकुमार, जो तुझ्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी माझ्या डब्याजवळ बसायचा, तो जागेवरच उठला. "आय ॲम कीन ऑन बिर्याणी. आय ॲम कीन ऑन संडे. आय ॲम कीन ऑन सुट्टी."

"संडे आणि सुट्टी एकच झालं," वाणी म्हणाली.

"मॅडम, आमच्या शेडमध्ये नाही."

सगळे हसले. त्याची दहा वाक्यं पाच मिनिटांत झाली. माझी वही मात्र कोरी. शुक्रवारपासून आज रविवारपर्यंत कोरी. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. शब्द तिनं दिलेत, पुढं फक्त नाव घालायचं आहे. ते नाव सुचत नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाला आपल्याला काय हवंय हे माहीत नसावं, याला काय म्हणायचं?

आपल्या गावच्या पंगती आठवतात. वाढपी आला की आजोबा माझ्या पाठीत हळूच कोपर मारायचे. त्याचा अर्थ, पानावर हात आडवा धर. लाडू हवा असला तरी. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा वाढप्यानं हात बाजूला करून घातला की मान खाली घालून खायचा. 'मला पाहिजे' म्हणणारं पोर हावरं. मी कधी हावरा झालो नाही. गुरुजींनी याबद्दल शाबासकी दिली होती.

हे पत्र टाकेन की नाही माहीत नाही.

देवाप्पा


येलहंका,
रविवार, २५ जानेवारी

भागीरथी,

मागचं पत्र वहीतच आहे.

मंगळवारी मी दहा वाक्यं नेली. सुनीलकुमारकडून चार उतरवली आणि सहा वाणीच्या पुस्तकातून. 'मला क्रिकेटची फार ओढ आहे' हे त्यातलं एक. तिनं वही बघितली आणि विचारलं, "अण्णा, आवडता खेळाडू कोण?" मला एकही नाव आठवेना. तिनं वही परत दिली.

मग मी ठरवलं, खरी लिहायची. देवापासून सुरुवात करू म्हटलं. 'मला भैरोबाची ओढ आहे.' लिहिलं आणि पेन थांबलं. रोज पाणी घालतो, फूल वाहतो, अंगारा लावतो, एक दिवस चुकला तर जेवण जात नाही. ती ओढ आहे की सवय, हे मला ठरवता येईना. देव आहे म्हणून मला वाटतं की काहीच वाटून घ्यावं लागत नाही म्हणून देव आहे? हे असलं मी पूर्वी कधी मनात आणलं नव्हतं. वाक्य खोडलं. देवाचं नाव खोडलं म्हणून कानाला हात लावले.

गुरुवारी शेडमध्ये लाल गुलाबाचा ढीग होता. आता हे दिवस तसेच. चौदा फेब्रुवारीपर्यंत दम घ्यायला सवड नाही. साठ सेंटीमीटर, सत्तर सेंटीमीटर, वीस-वीसची जुडी, कागद, कोल्ड रूम. मी जुडी बांधत होतो आणि माझ्या मनात आलं, ही सगळी फुलं कुणीतरी कुणाला तरी 'मला तू हवीस' म्हणण्यासाठी चाललीत. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचं हे बोलणं मापून, बांधून गाडीत चढवतोय. तुझ्यासाठी कधी फूल आणलं नाही; घरी आणल्या त्या सुट्या पाकळ्या, त्याही देवाला.

शुक्रवारी वहीत एकच वाक्य लिहून नेलं. नऊ ओळी रिकाम्या. वाणीनं ते मोठ्यानं वाचलं. "आय ॲम कीन ऑन भागीरथी." मग म्हणाली, "सरी, ठीक, वाक्य बरोबर आहे. पण भागीरथी काय आहे अण्णा? नदी?"

"बायको," मी म्हणालो.

वाणीचा चेहरा लाल झाला. सुनीलकुमार पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "अण्णा, वाक्यात चूक काही नाही. पत्ता चुकलाय. हे मॅडमला देऊन काय उपयोग? वहिनींना कळवलंय का?"

"तिला माहीत असेल," मी म्हणालो.

"असेल!" तो म्हणाला. "माझ्या बायकोला मी रोज सांगतो तरी ती मला म्हणते, तुमचं कशात लक्षच नाही."

म्हणून आज दोन्ही पत्रं पाकिटात घालतोय. पेटीत टाकायच्या आधी कौल लावावा असं मनात आलं होतं. हात पाण्याच्या तांब्यापर्यंत गेला होता. लावला नाही.

देवाप्पा


येलहंका,
रविवार, १ फेब्रुवारी

भागीरथी,

पत्रं पोचली असतील. तुझा फोन नाही. मीही केला नाही.

मी पहिल्या पत्रात लिहिलं की दोन पाकळ्या ओल्या करून लावल्या. ते खरं आहे, पण पूर्ण नाही. आज पूर्ण लिहितो.

त्या सकाळी कौल लावायच्या आधी तू मला एक वाक्य बोलली होतीस. ते मी अश्लेषाला कधीच सांगितलं नाही. तू म्हणालीस, "गावच्या बायका बोलवाय लागल्यात. मी जाऊ का राहू? देवाला नगं, तुम्हाला इचारते."

मी म्हणालो, "थांब, कौल लावतो."

तुझा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही, कारण मी पाकळ्या निवडत होतो.

निवडत होतो. हा शब्द लिहायला मला आठवडा लागला. डब्यात आठ-दहा पाकळ्या होत्या. फुलाची बाहेरची पाकळी जाड असते, कडेला हिरवट, मागं वळलेली. ओली करून लावली तरी ती दगडाला नीट टेकत नाही, थोडं वाळलं की सुटते. आतली पाकळी पातळ, मऊ. ती पाण्यानं अंगभर चिकटते आणि तासभर जागची हलत नाही. हे शेडमधल्या कुणालाही माहीत आहे. मी उजवीकडं बाहेरची लावली आणि डावीकडं आतली.

जाणून लावली का? इथंच माझं डोकं चालत नाही. हाताला माहीत होतं. एकोणीस वर्षांचा हात आहे, अंधारात पाकळी ओळखतो. पण हाताला माहीत असलेलं मला माहीत होतं का? देवासमोर बसून खोटेपणा करीन असा मी नाही, असं मला वाटायचं.

मग मागचे कौल आठवायला लागले. तुला येलहंक्यातल्या त्या टेलरिंगच्या दुकानात कटिंग शिकवायला बोलावलं होतं; डावा कौल. अश्लेषा जयनगरच्या हॉस्पिटलात लागली तेव्हा तू म्हणालीस, तिच्याजवळ खोली बघू; डावा कौल. मला शेड बदलायची नव्हती; मालकानं दुसरीकडं जाता का म्हणून विचारलं तेव्हाही डावा. गावी गुरव कौल लावतो, त्याला ना आपलं मन माहीत ना त्याला फुलाचं काही पडलेलं. इथं गुरव नाही म्हणून मीच लावत आलो. आणि चोवीस वर्षांत भैरोबा माझ्याविरुद्ध एकदाही बोलला नाही. मी याला देवाची कृपा म्हणत होतो.

पण मग गोंधळ असा आहे. माझा हात जर कायम माझ्याच मनासारखं करत आला, तर त्या सकाळी त्यानं उजवीकडं जाड पाकळी का लावली? मी मनात प्रश्न धरला होता, 'हिनं जावं का?' 'राहावं का' असं का धरलं नाही? मला तू जायला हवी होतीस का? मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. घरात संध्याकाळी दिवा लावतो तेव्हा तरी नक्की वाटतं की नको होतीस जायला. शप्पथ घेत नाही, कारण आता माझ्या शपथेचा मलाच भरवसा नाही.

हे वाचून तुला राग यावा. यायलाच हवा.

देवाप्पा


येलहंका,
रविवार, ८ फेब्रुवारी

भागीरथी,

शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा मी कोल्ड रूमच्या दारात होतो. तुझं बोलणं मी पुन्हा इथं लिहून काढतोय. फोन ठेवल्यावर मला ते शब्द तसेच्या तसे राहतील याची खात्री वाटेना.

"पत्र मिळालं," तू म्हणालीस.

"हं."

"जेवलायसा?"

"जेवलो."

मग तू म्हणालीस, "पाकळी मी बघितली होती."

"कुठली?"

"कुठली म्हणून काय इचारताय? उजवीकडची. जाड होती. मी आंधळी हाय व्हय? एकोणीस वर्सं तुमच्या डब्यातनं पाकळ्या झाडल्यात मी."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं, तोंडानं जा म्हणाय लाज वाटतीय, म्हणून देवाच्या तोंडानं सांगायलायसा. म्हणून गेले."

भागीरथी, अकरा महिने मी समजत होतो की तुला देवानं पाठवलं. अकरा महिने तू समजत होतीस की तुला मी काढलं. आणि खरं काय ते दोघांनाही माहीत नव्हतं.

तू पुढं विचारलंस, "मशीनच्या स्टँडचं काय झालं?"

मी म्हणालो, "ट्रान्सपोर्टवाला मिळत नाही."

"अश्लेषानं दोनदा माणूस बघून दिला हुता."

याचं खरं आता लिहितो. माणूस खरंच आला होता, दोन्ही वेळा. पहिल्यांदा मी त्याला सांगितलं, स्टँड दुरुस्तीला टाकलाय. दुसऱ्यांदा दारच उघडलं नाही. तुझ्या वडिलांनी पहिल्या दिवाळीला दिलेलं मशीन. डोकं तू नेलंस आणि लोखंडी स्टँड जड म्हणून इथंच राहिला. मी त्यावर फळी टाकली आणि भैरोबाला तिथं बसवलं. देव असलेली वस्तू कोण उचलून नेणार? अश्लेषाला सांगितलं, तिथं उजेड चांगला येतो. खरं म्हणजे स्टँड इथं आहे तोवर तुला एकदा यावं लागेल, असा माझा हिशेब होता. खालच्या, पायानं दाबायच्या पायट्याला दर शनिवारी तेल घालतो. पायट्यावर पाय ठेवून बसतोही कधी कधी.

तू म्हणालीस, "हातानं चाक फिरवून शिवतीय. खांदा धरलाय. अकरा बायका हायत, एकीचा झंपर धड होईना."

"नवा स्टँड घे की. मी पाठवतो..."

"नवा नगं. त्यो माझा हाय."

तिकडं बायकांची बडबड ऐकू येत होती. मी म्हणालो, "मग... तू..."

"म्हणा की," तू म्हणालीस. "ऐकायलेय."

मला वाक्य येत होतं. मराठीत येत होतं, आता तर इंग्रजीतही येतं. वाणीनं त्याखाली बरोबरची खूण केली आहे. आणि मी म्हणालो, "जेवण वेळेवर करत जा."

तू फोन ठेवलास. ठेवायच्या आधी हसलीस की सुस्कारा टाकलास ते कोल्ड रूमच्या मोटारीच्या आवाजात कळलं नाही.

देवाप्पा


येलहंका,
सोमवार, १६ फेब्रुवारी

भागीरथी,

परवा चौदा तारीख संपली. शेवटची गाडी शुक्रवारीच गेली होती. शेड आज झाडून मोकळी केली.

काल शिवरात्र. उपास होता. सकाळी भैरोबाला पाणी घातलं, बेल वाहिला. समोर डबा होता, त्यात पाकळ्या. काही ठरवलं नसताना हातानं दोन उचलल्या, तांब्यात बुडवल्या. मनात प्रश्नही आला, 'स्टँड पाठवू का?' मग मी हाताकडं बघितलं. अंगठ्याखाली जाड पाकळी होती, करंगळीकडं पातळ. डावीकडं जाडच जाणार, तेही मला कळलं. पाठवू नको, असाच कौल येणार होता.

पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

मला पंगत आठवली. मला वाटतं, त्या सकाळी काय झालं ते मला आता थोडं कळतं. मी पानावर हात आडवा धरला होता. मी जा म्हणायचं आणि तू नाही म्हणायचं. मी पुन्हा जा म्हणायचं, तू पुन्हा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा तू माझा हात बाजूला करायचा. तुला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्या दिवशी तू वाढपी नव्हतीसच. तूही माझ्याच शेजारी पान मांडून बसली होतीस. तुला काय हवंय, हे मी एकदाही विचारलं नाही. तू मात्र मला विचारलं होतंस.

हे असंच आहे याची मला खात्री नाही. उद्या वेगळं वाटेल. पण तेवढ्यावर मी उठलो. दोन्ही पाकळ्या भैरोबाच्या पायाशी ठेवल्या. खांद्याला नाही. म्हणालो, आजपासून फूल वाहीन, विचारणार नाही. रागावू नको.

मग त्याला उचलून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं. फळी काढली. सुनीलकुमार टेम्पो घेऊन आला. स्टँड उचलताना म्हणाला, "अण्णा, माझं ऐका. हा इथंच ठेवा. हा आहे तोवर वहिनी येतील."

"म्हणूनच पाठवतोय," मी म्हणालो.

"तुमचं मला काही कळत नाही," तो म्हणाला. "पत्रात ओढ लागलीय म्हणून लिहिता आणि तिकडं राहायची सोय करून देता."

मलाही ते नीट कळत नाही. दोन्ही खरं आहे, एवढंच सांगता येतं. तुझा खांदा बरा व्हावा, त्या अकरा जणींचे झंपर धड व्हावेत, स्टँड तुझा आहे तो तुझ्याकडं असावा. आणि तू परत यावंस असं मला वाटतं. फार वाटतं. देवाला वाटतं की नाही, मला माहीत नाही, मला वाटतं. हे फोनवर बोलणार होतो ते. तुला तिथंच राहायचं असेल तर तसं सांग, मी शेडमध्ये रजा मागून तिकडं येऊन जाईन. यायचं असेल तर कधी ते तू ठरव.

स्टँड काल साडेअकराला चिकोडीच्या पार्सल गाडीत चढला. उतरवायला दोन माणसं बोलाव. पायट्याचे बोल्ट वेगळ्या पिशवीत बांधून चाकाला अडकवलेत, पट्टा नवीन घातलाय. पावती या पत्रासोबत आहे. 'घेणाऱ्याचं नाव' या रकान्यात पूर्वी मी तुझ्या वडिलांचं किंवा माझं घातलं असतं. भागीरथी असं लिहिलंय. गाडी चौकातून वळेपर्यंत मी उभा होतो.

देवाप्पा